फाइल चढली, पण पान दिसेना

मंडळी, पंचवटीतले लॉजवाले असोत की निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार, दरपत्रक बदललं की वेबसाइटवरची फाइल बदलावीच लागते. २०२७ च्या सिंहस्थासाठी तर हे काम वारंवार निघेल. म्हणून आज फाइलझिला, म्हणजे आपल्या संगणकावरच्या फाइली वेबसाइटवर चढवायचं सॉफ्टवेअर, उघडून बसू.

एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाइली पाठवायची ठरलेली पद्धत. तिचा पहिला मसुदा १९७१ चा, अभय भूषण यांनी लिहिलेला. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर. तेव्हा नेटवर्कवर मोजकीच यंत्रं होती, त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड आजही उघडाच जातो. हॉटेलच्या वायफायवरून तो कुणीही वाचू शकतं. म्हणून साइट मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडणीचे तपशील भरायच्या खिडकीत, प्रोटोकॉल (पाठवायची पद्धत) निवडताना तुमचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवणारी कंपनी, देत असेल तर एसएफटीपी घ्या; त्यात सगळं सांकेतिक रूपात जातं. पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, २२. नसेल तर एफटीपीतच 'टीएलएस आवश्यक' असा पर्याय असतो, त्यातही पासवर्ड सांकेतिक रूपात जातो; पोर्ट २१. साधं एफटीपी घेऊच नका, ही माझी कळकळीची विनंती.

जोडणी झाली की डावीकडे तुमचा संगणक, उजवीकडे सर्व्हर, म्हणजे साइट जिथे ठेवलीय तो होस्टिंगचा संगणक. आता घाई नको. बहुतेक होस्टिंगवर जगाला दिसतं ते फक्त 'पब्लिक एचटीएमएल' (public_html) या फोल्डरमधलं. त्याच्या बाहेर फाइल टाकली तर ती चढते, 'यशस्वी' टॅबमध्येही दिसते, पण पान दिसत नाही. दुसरी चूक याच्या उलट: डावीकडचं अख्खं फोल्डर ओढून टाकायचं. मग साइटच्या पत्त्यापुढे त्या फोल्डरचं नाव लावलं तरच पान उघडतं. फोल्डरच्या आत शिरा, आतलं सगळं निवडा आणि ते ओढा.

फोटो गायब असेल तर नावातली अक्षरं पाहा. विंडोजला इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल 'आर' सारखेच. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरला नाहीत. रामकुंडाच्या फोटोचं नाव कॅपिटलने सुरू होत असेल आणि पानात ते स्मॉलने लिहिलं असेल, तर तुमच्या संगणकावर फोटो दिसेल, साइटवर नाही. सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा.

सर्व्हरकडून ५३० हा त्रुटीचा क्रमांक आला तर युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय. ५५० म्हणजे बहुधा परवानगी नाही किंवा तो मार्गच नाही. कुणी फाइल वाचावी, कुणी बदलावी ही परवानगी सर्व्हरवर आकड्यांत देतात: फाइलला ६४४, फोल्डरला ७५५. 'चालत नाही' म्हणून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, देऊन टाकणं म्हणजे दार सताड उघडं ठेवणं.

लॉगिन होतं पण फोल्डरची यादी येत नाही, ही तक्रार फार. एफटीपीत आज्ञेची जोडणी वेगळी आणि मालाची, म्हणजे फाइली नि याद्यांची, वेगळी. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत मालाची जोडणी सर्व्हर तुमच्याकडे उघडू पाहतो आणि घरचा राउटर ती अडवतो. फाइलझिलाच्या सेटिंगमध्ये पॅसिव्ह पद्धत निवडा, म्हणजे दोन्ही जोडण्या तुमच्याकडूनच निघतात. एसएफटीपीत सगळं एकाच जोडणीतून जातं, तिथे हा प्रश्नच नाही.

जुन्या फाइलवर नवी लिहिण्याआधी जुनी उतरवून ठेवा. काम संपलं की खाली 'अयशस्वी' टॅब पाहा. तिथे काही उरलं असेल तर साइट अर्धवट आहे. जुनेच दर दिसत असतील तर कंट्रोल आणि एफ५ दाबा, ती ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रत असते.

हजारो लहान फाइली असतील तर एकेक चढवायला तासही जातो. त्यांची झिप, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच गुंडाळलेली फाइल, करून ती चढवा आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून उघडा. मग ती झिप तिथून लगेच पुसा, कारण तिचं नाव ओळखणारा कुणीही ती उतरवून घेईल, आणि आत डेटाबेसचा, म्हणजे साइटची माहिती साठवणाऱ्या कोठाराचा, पासवर्ड असू शकतो.