इव्हनिंग स्टार : पाच वर्षांची नोकरी

१८ मार्च १९६०. इंग्लंडमध्ये स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात एका नव्या इंजिनाचं नामकरण होतंय. क्रमांक ९२२२०, नाव 'इव्हनिंग स्टार'. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन. खरं तर ही जात मालगाडीची, म्हणजे रंग काळा असायचा. याला मात्र मुद्दाम हिरवा रंग दिलाय, आणि धुराड्याला तांब्याची कड.

रंग राहू द्या, चाकं बघा. एका बाजूला पाच, अशी जोर लावणारी दहा मोठी चाकं. एवढं लांब इंजिन वळणावर अडू नये म्हणून मधल्या जोडीला रूळ धरून ठेवणारी आतली कडच ठेवलेली नाही.

हा नमुना रॉबर्ट रिडल्स यांचा. नाव '९एफ'. त्यांनी ताकदीइतकाच माणसांच्या कष्टांचा विचार केला, आणि मला या इंजिनाचं मोल तिथेच वाटतं. जुन्या इंजिनाची पाळी संपली तरी माणसांची संपत नसे. भट्टीत घट्ट बसलेली खंगरं, म्हणजे वितळून दगडासारखी झालेली राख, लांब सळईनं फोडून काढायची, मग कुणीतरी इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून राख ओढायची. गरम राख, तोंडावर धूळ, आणि हे रोज. ९एफमध्ये तरफ हलवली की भट्टीची जाळीच हलते, खंगरं खाली पडतात. राखेच्या पेटीला खालून उघडणारी दारं आहेत. पुढच्या धूरपेटीतली काजळीही बरीचशी धुराच्या झोतानंच बाहेर जाते.

कोळसा मात्र फावड्यानंच टाकायचा.

या इंजिनाची खरी परीक्षा झाली ती बाथ ते बोर्नमथ या डोंगराळ मार्गावर. बाथ सोडताच ५० फुटांना १ फूट असा चढ, पुढे एकेरी अरुंद बोगदे. १९२९ साली यातल्याच कूम डाऊन बोगद्यात एका मालगाडीचे ड्रायव्हर आणि फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) धुरानं बेशुद्ध पडले. गाडी उतारावरून सुटली ती थेट बाथच्या यार्डात जाऊन आदळली. ड्रायव्हर गेला. अशा वाटेवर उन्हाळ्यातल्या जड प्रवासी गाड्यांना पुढे दुसरं इंजिन जोडावं लागे. ९एफ आलं आणि बारा डब्यांची गाडी एकट्यानं ओढू लागलं. ८ सप्टेंबर १९६२ रोजी या मार्गावरची शेवटची 'पाइन्स एक्सप्रेस' ओढायचा मान इव्हनिंग स्टारला मिळाला.

पण निकाल आधीच लागला होता. वाफ बंद करून डिझेल आणि वीज आणायची योजना १९५५ मध्येच जाहीर झाली होती. कारणंही खोटी नव्हती: युद्धानंतर दुसरीकडे बरी नोकरी मिळत असताना पहाटे उठून काजळीत हात घालायला तरुण पोरं तयार नव्हती. त्यांचे कष्ट हलके करणारं इंजिन आलं, ते फार उशिरा.

मार्च १९६५ मध्ये इव्हनिंग स्टार कामावरून निघालं. कित्येक दशकं चालेल असं यंत्र, नोकरी जेमतेम पाच वर्षांची. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची नियमित वाहतूक संपली. '९एफ' जातीची एकूण २५१ इंजिनं बांधली गेली, त्यातली ९ उरली. बाकीची भंगारात गेली. इव्हनिंग स्टार आता ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आहे. कधी पाहायचा योग आला, तर जरा वाकून ते मधलं बिनकडेचं चाक जरूर बघा.