चाळिशीतला पिचर आणि एका वर्षाचा करार

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बेसबॉलमधल्या वय झालेल्या नामांकित पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, एका-दोन वर्षांच्या करारावर घ्यावं का, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो: घ्यावं, पण सामने आळीपाळीने सुरू करणाऱ्या पाचांतला पाचवा पिचर म्हणून. अख्खा हंगाम त्याच्या खांद्यावर टाकू नये. आता हे पटवायचं तर २०२३ च्या न्यूयॉर्क मेट्सवर बोलावंच लागेल. एडिसनहून आलेल्यांचे चेहरे आत्ताच पडलेले दिसतायत!

आधी मेट्सनी मॅक्स शर्झर या पिचरला तीन वर्षांसाठी १३ कोटी डॉलर दिले, म्हणजे वर्षाला ४ कोटी ३३ लाख. पुढच्या हिवाळ्यात जस्टिन व्हर्लँडरलाही तोच दर, दोन वर्षांसाठी. व्हर्लँडर तेव्हा चाळिशीला टेकला होता, पण ह्यूस्टनकडून १८-४ (विजय-पराभव), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) १.७५, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका असं सगळं एकाच वर्षात मिळवून आलेला. तेही कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर. अशा माणसाचा मोह कुणाला होणार नाही?

पुढे काय झालं ते इथे सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो, कारण माझा राग अजून गेलेला नाही. हंगाम सुरू झाला त्याच दिवशी व्हर्लँडर जखमींच्या यादीत. एप्रिलमध्ये शर्झरचा हात चिकट लागला म्हणून पंचांनी त्याला बाहेर काढलं. घाम आणि रोझिन (पकडीसाठीची, चालणारी पूड) आहे, असं तो जीव तोडून सांगत होता. बंदी दहा सामन्यांची झालीच. जुलैअखेर शर्झर टेक्सासला, १ ऑगस्टला व्हर्लँडर परत ह्यूस्टनला, आणि दोघांच्या पगाराचा मोठा वाटा मेट्सच्याच तिजोरीतून. तोवरच्या इतिहासातला सर्वांत महागडा संघ ७५-८७ वर संपला. वर्ल्ड सिरीज जिंकली टेक्सासने, शर्झरला सोबत घेऊन!

पैसा मालक कोहेनसाहेबांचा, त्यांचं ते बघतील. मला राग आहे तो आखणीचा. एक ३८ वर्षांचा आणि एक चाळिशीचा, असे दोघे पहिल्या आणि दुसऱ्या जागेवर बसवले, आणि ते नसतील तर काय, याचं उत्तरच तयार ठेवलं नाही. त्या वर्षी भरवशाचा ठरला तो जपानहून नव्याने आलेला कोदाई सेंगा, १२-७, ईआरए २.९८. तो नसता तर काय झालं असतं, कल्पनाही करवत नाही.

आता तोच शर्झर टोरांटोत बघा. २०२५, एका वर्षाचा करार, १ कोटी ५५ लाख. अंगठ्याच्या दुखण्याने मार्च ते जून घरात. एकूण १७ सामने, ईआरए ५.१९. बाद फेरीत यांकीजविरुद्धच्या मालिकेत तर संघातही नव्हता. मग पुढच्या मालिकेतला, सिअ‍ॅटलमधला चौथा सामना. पाचव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना मॅनेजर श्नायडर त्याला काढायला माउंडकडे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याकडे निघाले, तर ४१ वर्षांचा हा माणूस त्यांच्यावरच ओरडला, मी ठीक आहे म्हणून. एक डोळा निळा, एक तपकिरी, दोन्ही वटारलेले. श्नायडर मुकाट परतले. पुढच्याच बॅटरचा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद! वर्ल्ड सिरीजचा सातवा सामनाही त्यानेच सुरू केला. चार इनिंग आणि वर एक बाद, धाव दिली एकच. तो उतरला तेव्हा टोरांटो ३-१ ने पुढे होतं. नंतर अकराव्या इनिंगमध्ये हरले, त्याला तो काय करणार? एक कोटी ५५ लाख या दोन रात्रींसाठी होते आणि ते वसूल झाले, असं मी ठामपणे म्हणतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा मूळ मुद्दे भराभर सांगतो.

करार एका वर्षाचा असला की चूक ऑक्टोबरला संपते. डीग्रॉम या पिचरला टेक्सासने पाच वर्षांसाठी साडेअठरा कोटी दिले. पहिल्या वर्षी सहा सामने खेळून तो शस्त्रक्रियेला गेला. याउलट २००९ मध्ये बॉस्टनने स्मोल्ट्झला ५५ लाखांत घेतलं, ईआरए ८.३३ झाला, ऑगस्टमध्ये सोडून दिलं. नुकसान तेवढंच. त्याच उन्हाळ्यात फिलीजनी पेद्रो मार्टिनेझला १० लाखांत आणलं आणि ३७ वर्षांच्या पेद्रोने ऑक्टोबरमध्ये डॉजर्सना सात इनिंगमध्ये एकही धाव करू दिली नाही. शिवाय क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे करार संपलेल्याला जुन्या संघाने देऊ केलेला एका वर्षाचा ठरावीक करार, खेळाडूला आयुष्यात एकदाच मिळते; ती नाकारलेल्याला घेणाऱ्या संघाची ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू घेण्याच्या फेरीतली, निवड जाते. ती आधीच होऊन गेलेली असली, तर अशा पिचरपायी ड्राफ्टमधली निवड जात नाही.

तरुणांची जागा अडते, हा आक्षेप मला मान्य नाही. १६२ सामने पाच पिचरवर कुणाचेच निघत नाहीत. टोरांटोचा तरुण पिचर येसॅव्हेज २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा मुख्य संघात आला आणि वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना त्यानेच सुरू केला. शर्झर संघात असून. फक्त मॅनेजमेंटने पहिल्या दिवसापासून सहावा आणि सातवा पिचर तयार ठेवावा, आणि जुलैत हात चालत नसेल तर नाव कितीही मोठं असो, सोडून द्यावं.

बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्यात मधूनच येणाऱ्या पिचरांत, अशांना कसं वापरायचं, ते राहिलंच. चहाच्या वेळी विचारा, सांगतो.