पुरस्काराआधीचं वाचन

मित्रहो,

साहित्य पुरस्कारांवर व्याख्यान म्हटलं की कोणाला मिळाला आणि कोणाला डावललं, याचीच चर्चा अपेक्षित असते. ती आज बाजूला ठेवू. मला बोलायचं आहे ते पुरस्काराच्या आधी जे काम व्हायला हवं त्याबद्दल. कोणीतरी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचतं आणि त्यावर आपलं मत जबाबदारीने लिहितं, ते काम. त्यासाठी अमेरिकेतल्या ‘कर्कस रिव्ह्यूज’ या परीक्षणाच्या पाक्षिकाकडे आणि त्याने २०१४ साली सुरू केलेल्या कर्कस पुरस्काराकडे पाहू.

व्हर्जिनिया कर्कस या बाई मूळच्या बालसाहित्याच्या संपादक. न्यूयॉर्कच्या ‘हार्पर अँड ब्रदर्स’ या प्रकाशनसंस्थेत बालविभाग त्यांच्याकडे होता. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’ त्यांनीच स्वीकारलं. रेल्वेने घरी जाताना त्या हस्तलिखित वाचत होत्या आणि वाचता वाचता त्यांचं उतरायचं स्टेशन मागे पडलं, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. महामंदी आली, हार्परने तो विभागच बंद केला आणि कर्कसबाईंची नोकरी गेली.

पुढची वाट त्यांनी स्वतः काढली. पुस्तक बाजारात आल्यावर त्यावर मत देणारे पुष्कळ होते. पण दुकानदाराला ते येण्याआधीच ठरवावं लागतं, प्रती किती मागवायच्या. तेव्हा त्याच्याकडे प्रकाशकाची जाहिरात आणि विक्रेत्याची गोड जीभ यांपलीकडे काहीच नसे. म्हणून १९३३ साली त्यांनी प्रकाशकांकडून गॅली प्रुफं, म्हणजे पुस्तक छापण्याआधीचे कच्चे छाप, मिळवायला आणि ती वाचून छोटी, स्पष्ट परीक्षणं दुकानांना पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला मूठभर दुकानं वर्गणीदार होती. पुढे ग्रंथालयंही आली. मजकूर थोडका, लिहिणाऱ्याचं नाव नाही, आणि पुस्तक कच्चं असेल तर ते सरळ कच्चं म्हणायचं. कर्कसचं परीक्षण येणार म्हटलं की अमेरिकेतले लेखक आजही थोडे धास्तावतात.

मालक बदलत गेले. २००९ च्या डिसेंबरात तेव्हाच्या मालक कंपनीने, नील्सनने, पाक्षिक बंद करत असल्याचं जाहीर केलं. शहात्तर वर्षांचं काम तिथेच थांबायचं, पण २०१० च्या फेब्रुवारीत हर्बर्ट सायमन यांनी ते विकत घेतलं. हे शॉपिंग मॉलच्या धंद्यातले मोठे उद्योगपती आणि इंडियाना पेसर्स या बास्केटबॉल संघाचे मालक. ग्रंथव्यवहाराच्या बाहेरच्या माणसाने पुढे यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्यानंतर चार वर्षांनी पुरस्कार आला. कथात्म साहित्य, ललितेतर आणि बालकुमार साहित्य असे तीन विभाग, आणि प्रत्येक विजेत्याला ५०,००० डॉलर.

आता या पुरस्काराची रीत पाहा, कारण खरी गोष्ट तिच्यात आहे. अमेरिकेतल्या पुलित्झरसाठी किंवा नॅशनल बुक अवॉर्डसाठी पुस्तक शुल्कासह पाठवावं लागतं. ब्रिटनमधल्या बुकरसाठी एका प्रकाशकाला किती पुस्तकं पाठवता येतील यावर मर्यादा असते. म्हणजे पहिली चाळणी प्रकाशकाच्या कार्यालयात लागते आणि छोटा प्रकाशक तिथेच हात आखडता घेतो. कर्कसची चाळणी वर्षभर चालूच असते. वर्षाला दहा हजारांच्या घरात पुस्तकांवर तिथे लिहिलं जातं. त्यांतल्या साधारण दहांतल्या एकाच्या परीक्षणाला तारा, म्हणजे विशेष चांगल्या पुस्तकाची खूण, मिळतो, आणि ठरलेल्या मुदतीत ज्याला तारा मिळाला ते पुस्तक आपोआप पुरस्काराच्या शर्यतीत येतं. मग निवड समिती प्रत्येक विभागात सहा पुस्तकं अंतिम यादीत आणते. समितीत लेखकांबरोबर ग्रंथविक्रेते, ग्रंथपाल आणि कर्कससाठी लिहिणारे समीक्षकही बसतात. ग्रंथपालाला निवडीचा अधिकार देणारे पुरस्कार आपल्याकडे किती आहेत? समोर ग्रंथपाल बसलेच आहेत, त्यांनीच सांगावं.

या रीतीतून काय निघालं? कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द निकल बॉइज’ला २०१९ साली कर्कस मिळाला आणि पुढच्या वर्षी पुलित्झर. हर्नान डियाझ यांच्या ‘ट्रस्ट’ला २०२२ साली कर्कस आणि २०२३ साली पुलित्झर. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ तर कर्कसनंतर नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुलित्झर दोन्ही घेऊन गेली. पण मला त्यापेक्षा तिसऱ्या विभागाबद्दल सांगायचं आहे. मुलांच्या पुस्तकाला तिथे कादंबरीइतकीच रक्कम मिळते, एक डॉलरही कमी नाही. पहिल्याच वर्षी तो मान केट सॅमवर्थ यांच्या एका चित्रपुस्तकाला मिळाला. पक्षी नाहीसे झालेल्या जगात सुटे भाग मागवून पक्षी जोडता येतात, अशा विक्रीच्या कॅटलॉगच्या रूपात ते रचलेलं आहे. २०१९ साली जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ या चित्रकादंबरीला तो मिळाला. काही महिन्यांनी त्याच पुस्तकाला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं, आणि ते चित्रकादंबरीला मिळालेलं पहिलं न्यूबेरी होतं. बालविभाग बंद झाला म्हणून जिची नोकरी गेली, त्या बाईच्या नावाच्या पुरस्काराने मुलांच्या पुस्तकाला हे स्थान द्यावं, हे मला फार न्याय्य वाटतं.

सगळं सरळ आहे असं मात्र नाही. २०१७ साली लॉरा मोरियार्टी यांच्या ‘अमेरिकन हार्ट’ या किशोरांसाठीच्या कादंबरीला कर्कसने तारा दिला. त्या कादंबरीतल्या अमेरिकेत मुस्लिमांना छावण्यांत डांबलं जातं आणि कथा सांगते एक गोरी मुलगी. त्यावर जोरदार टीका झाली. मूळ परीक्षण एका मुस्लिम समीक्षक बाईंनी लिहिलं होतं, तरीही ते मागे घेऊन बदलण्यात आलं आणि तारा काढला गेला. टीका करणाऱ्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं होतं, त्यावर स्वतंत्र लेखही छापायला हरकत नव्हती. पण दिलेला निर्णय दबावाखाली फिरवणं मला पटत नाही. तारा हीच पुरस्काराची पात्रता असेल तर तो ज्या दिवशी हलला, त्या दिवशी पुरस्काराचा पायाही थोडा हलला.

दुसरी अडचण पैशांची. स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्या लेखकांसाठी कर्कसची वेगळी सेवा आहे. त्यात लेखक शुल्क भरतो आणि परीक्षण प्रतिकूल आलं तर ते प्रसिद्ध करू नका असंही सांगू शकतो. समीक्षकाच्या मतावर लेखकाचा ताबा नसतो, हे खरं. तरीही नावडतं मत झाकण्याची सोय जिथे असते, तिथे वाचकाला अर्धंच चित्र दिसतं. ही सोय कर्कसने बंद करावी, असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्याकडे. केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ सुरू केलं आणि पुस्तकांविषयीचं मासिक मराठीत टिकू शकतं हे दाखवून दिलं. पण मुलांच्या पुस्तकांवर सातत्याने, पुस्तक वाचून, बरंवाईट दोन्ही सांगणारं लेखन मराठीत कुठे मिळतं? बहुतेक ठिकाणी नाव, पृष्ठसंख्या, किंमत आणि ‘मुलांना नक्की आवडेल’ एवढ्यावर भागवलं जातं. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार एक लाख रुपयांचा, तिचाच बाल साहित्य पुरस्कार पन्नास हजारांचा. ही तफावत दूर करण्याची मागणी आपण अकादमीकडे लेखी करायला हवी, आणि आजच्या सभेतून तसं पत्र जावं अशी माझी सूचना आहे. नव्याने पुरस्कार सुरू करू पाहणाऱ्या मराठी नियतकालिकांना माझी विनंती वेगळी आहे. आधी दर अंकात बालकुमार साहित्याच्या परीक्षणांसाठी चार पानं राखून ठेवा, लिहिणाऱ्यांना रीतसर मानधन द्या, आणि हे निदान दोन वर्षं चालवून मगच पुरस्काराची घोषणा करा.