अडतीस गुण आणि चुकलेला निरोप

श्रोते हो, नमस्कार.

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, आणि हंगामाअखेर शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात. तिथे आपला संघ सतराव्या-अठराव्या क्रमांकावर लोंबकळू लागला, की चाहत्यांची तीच ती भांडणं सुरू होतात. एक म्हणतो, मॅनेजरला आजच्या आज घरी पाठवा. दुसरा म्हणतो, अहो, दुखापती किती आहेत, दोन बचावपटू परत येऊ द्या, मग बघा. तिसरा कुणाशीच वाद घालत नाही. तो पॉइंट टेबल उघडून आकडेमोड करत बसतो. आजचं बोलणं या तिसऱ्यासाठी. पहिल्या दोघांपैकी कोण बरोबर हे कळायला मे महिना उजाडावा लागतो. तिसऱ्याची आकडेमोड बरोबर की चूक, हे मात्र आजच तपासता येतं.

आधी त्या चाळीस गुणांचा निकाल लावू. ‘चाळीस झाले की सुटलो’ हे वाक्य दर हंगामात ऐकू येतं. वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ गुण घेऊन खाली गेला. सँडरलँड १९९६-९७ मध्ये आणि बोल्टन १९९७-९८ मध्ये बरोबर ४० गुणांवर गेले. आता उलटी बाजू बघा. २०२३-२४ मध्ये अठराव्या क्रमांकावरच्या ल्यूटनला अवघे २६ गुण होते, आणि त्याच्या पुढच्या हंगामात अठराव्या क्रमांकावरच्या लेस्टरला २५. म्हणजे त्या दोन वर्षांत २७ किंवा २६ गुण असलेला संघही वाचला असता. चाळीस हा आकडा कुठल्याच नियमात नाही. वाचायला लागतं ते एवढंच : अठराव्या क्रमांकाच्या संघाला जेवढे मिळतील, त्यापेक्षा एक जास्त. पुन्हा सांगतो, अठराव्यापेक्षा एक जास्त.

हे काढायचं कसं? आज अठराव्या क्रमांकावर जो संघ आहे त्याचे गुण घ्या, खेळलेल्या सामन्यांनी भागा आणि अडतीसने गुणा. समजा त्याचे २४ सामन्यांत १९ गुण आहेत. भागाकार येतो सुमारे ०.७९, म्हणजे हंगामाअखेर साधारण ३०. तुम्हाला हवेत ३१. तुमच्याकडे २२ असतील, तर उरलेल्या १४ सामन्यांत ९ गुण काढायचे : दोन विजय आणि तीन बरोबऱ्या. चौदा सामन्यांत दोन विजय! असं मांडलं की निम्मी भांडणं थंडावतात. पण हे गणित दर दोन आठवड्यांनी नव्याने मांडावं लागतं, कारण अठरावा संघ बदलतो आणि त्याची गतीही बदलते. आणि एक गोष्ट या गणितात दिसत नाही, ती म्हणजे गोलफरक, केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक बघतात, तोही सारखा असेल तर केलेले गोल. हा क्रम पाठ करा : गुण, गोलफरक, केलेले गोल.

या क्रमाची किंमत ज्या दुपारी कळली, ती आता नीट सांगतो.

तारीख ५ मे १९९६. हंगामाचा शेवटचा दिवस. तीन संघ खाली जायचे, त्यातले दोन ठरलेले होते : बोल्टन २९ गुणांवर आणि क्वीन्स पार्क रेंजर्स ३३ वर. तिसऱ्या जागेसाठी तिघे उभे होते. मँचेस्टर सिटी, साउदॅम्प्टन आणि कॉव्हेंट्री. तिघांचेही ३७ गुण. तिघांनाही एकेक सामना.

तिघे समान, असं वाटतं ना? नव्हते. साउदॅम्प्टन आणि कॉव्हेंट्री यांचा गोलफरक उणे १८, सिटीचा उणे २५. सात गोलांची तफावत. याचा अर्थ काय, तो कानात साठवून ठेवा : तिघांचे निकाल सारखे लागले, तर सिटी खाली. सिटीला त्या दोघांपैकी निदान एकापेक्षा सरस निकाल हवा होता. त्या दोघांतला कुणी हरला तरच बरोबरी पुरणार होती, नाहीतर जिंकणं भाग होतं.

आता हा उणे २५ आला कुठून? सिटीने त्या हंगामाची सुरुवात भयंकर केली होती. लीगच्या पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय नाही, दोन बरोबऱ्या आणि नऊ पराभव. अकरा सामन्यांत मिळून तीन गोल. त्यातला अकरावा सामना ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर झाला, ६-० असा. ‘गेला तो गेला, एका पराभवाचे तीनच गुण जातात’ असं अशा दिवशी चाहते एकमेकांना समजावतात. एका पराभवाचे तीनच गुण जातात हे खरं, पण ६-० मध्ये शिवाय सहा गोल जातात आणि ते मेपर्यंत परत येत नाहीत. तरीही बचावालाच शिव्या घालू नका. सिटीने वर्षभरात ५८ गोल खाल्ले, कॉव्हेंट्रीने तर ६०. फरक पडला तो पुढच्या टोकाला. कॉव्हेंट्रीचे केलेले गोल ४२ आणि सिटीचे ३३, त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी.

साउदॅम्प्टनचं काय? एप्रिलमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला ३-१ हरवलं होतं. हाच तो सामना, ज्यात युनायटेड मध्यंतराला ०-३ मागे होता आणि युनायटेडचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनने करड्या रंगाच्या जर्सी उतरवून दुसऱ्या चढवायला लावल्या. कारण दिलं गेलं की करड्या रंगात आपलेच खेळाडू गर्दीत दिसत नाहीत. आता विषय निघालाच आहे तर बोलून घेतो : दरवर्षी नवी दुसरी जर्सी, नवी तिसरी जर्सी, आणि रंग असा की ना संघाची ओळख पटावी ना मैदानात माणूस दिसावा. हे विकणाऱ्यांनी एकदा तो पूर्वार्ध बघावा. असो. मुद्दा असा की साउदॅम्प्टनला तिथे तीन गुण मिळाले, आणि तळाच्या संघाला असे तीन गुण मिळण्याचा भरवसा कुणीच धरलेला नसतो.

तर पाच मे. सिटी आपल्या घरच्या मैदानावर, मेन रोडवर. समोर पुन्हा लिव्हरपूल. लिव्हरपूलला पुढच्याच शनिवारी एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची फायनल खेळायची होती, लीगमध्ये त्यांना मिळवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. म्हणजे प्रतिस्पर्धी आरामात असेल, ही सिटीची आशा. सहाव्या मिनिटाला सिटीच्या स्टीव्ह लोमासच्या पायाला लागून चेंडू सिटीच्याच जाळ्यात. स्वयंगोल. मध्यंतराच्या थोडं आधी इयन रशने दुसरा मारला. मध्यंतराला ०-२.

दुसऱ्या अर्धात एकाहत्तराव्या मिनिटाला सिटीला पेनल्टी मिळाली आणि उवे रोस्लरने ती घातली. १-२. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला किट सिमन्सने बरोबरी केली. २-२. हातात बारा मिनिटं आणि वर भरपाईची. मैदान पेटलेलं, लिव्हरपूल मागे रेटलेला, एक गोल आणि सिटी ४० गुणांवर सुखरूप.

आणि इथे निरोप आला. दुसऱ्या मैदानावर प्रतिस्पर्धी मागे पडलाय, आता बरोबरी पुरे.

त्या काळी मोबाइलवर स्कोअर दिसत नव्हते. स्टँडमध्ये बसलेले लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून दुसऱ्या सामन्यांची खबर घेत, आणि ती खबर तोंडातोंडी मॅनेजर बसतो त्या बाकापर्यंत पोचे. तोंडातोंडी जाताना तिचं काय होतं ते सांगायला नको. रेडिओने चुकीचं सांगितलं असेल हे मी मानणार नाही. इथे बसून तरी नाहीच.

निरोप खोटा होता. साउदॅम्प्टन आणि विम्बल्डन यांच्यात ०-० चालू होतं. कॉव्हेंट्री आणि लीड्स यांच्यातही ०-०. तिन्ही ठिकाणी बरोबरी, म्हणजे निकाल सारखे, म्हणजे सिटी खाली. पण सिटीच्या बाकावर तो निरोप खरा धरला गेला. मॅनेजर ॲलन बॉल यांनी, १९६६ च्या जगज्जेत्या इंग्लंड संघातल्या या माणसाने, चेंडू राखा, वेळ काढा असं सांगितलं. स्टीव्ह लोमास चेंडू घेऊन कॉर्नर फ्लॅगपाशी गेला आणि अंग आडवं घालून उभा राहिला. ज्या संघाला गोल हवा होता, तोच संघ वेळ घालवत होता.

सिटीचा नायल क्विन बदली होऊन बाहेर आला होता. खरे स्कोअर कळले तसा तो टचलाइनच्या कडेने ओरडत धावत सुटला : गोल हवाय, गोल! सिटीचे खेळाडू पुन्हा पुढे धावले, पण मिनिटं संपली होती. २-२. तिघांचे ३८ गुण. साउदॅम्प्टन आणि सिटी यांचा हिशोब तर ओळीने सारखा : ९ विजय, ११ बरोबऱ्या, १८ पराभव. फक्त केलेले आणि खाल्लेले गोल वेगळे, साउदॅम्प्टन ३४-५२ आणि सिटी ३३-५८. सिटी अठरावा आणि खाली.

ॲलन बॉल त्या हंगामाआधी कोणत्या क्लबचे मॅनेजर होते, माहीत आहे? साउदॅम्प्टनचे. १९९४ मध्ये त्यांनीच तो क्लब खाली जाण्यापासून वाचवला होता. त्यांनी सोडलेला संघ तगला आणि त्यांनी धरलेला बुडाला. त्याच दुपारी शहरातल्या दुसऱ्या क्लबने, युनायटेडने, मिडल्सबरोला ३-० हरवून विजेतेपद उचललं, ते वेगळंच.

या कहाणीत लोक लोमासला हसतात. ते मला पटत नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं. चूक बाकावर झाली, आणि त्याआधी ऑक्टोबरपर्यंतच्या त्या अकरा सामन्यांत झाली.

आता उरलेल्या वेळात झटपट दोन-चार गोष्टी.

मॅनेजर बदलण्याबद्दल. सिटीने पुढच्या हंगामात तो प्रयोगही करून पाहिला. बॉल ऑगस्टमध्येच गेले, स्टीव्ह कॉपल महिनाभर टिकले, मग तात्पुरता माणूस, मग फ्रँक क्लार्क. १९९८ मध्ये संघ आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या थरात गेला, आणि तेही शेवटच्या दिवशी स्टोकला त्यांच्याच मैदानावर ५-२ हरवून! बदल करायचाच तर पंधरा-वीस सामने हातात असताना करावा. जानेवारीची खरेदी-विक्री संपल्यावर आलेल्या नव्या माणसाला जुन्याच्याच खेळाडूंवर भागवावं लागतं.

फॉर्म बघताना शेवटचे पाच निकाल एवढंच बघू नका. त्या पाचांत वरच्या सहांपैकी किती होते, घरचे किती, बाहेरचे किती, आणि संधी तयार होत होत्या का, हे बघा. संधी तयार होऊन गोल होत नसतील तर स्ट्रायकरची अडचण आहे, ती सुटू शकते. संधीच तयार होत नसतील तर मधल्या फळीपासून सगळं दुरुस्त करावं लागेल. शेवटच्या पंधरा मिनिटांत सतत गोल बसत असतील तर दमसास आणि राखीव खेळाडू तपासा.

आणि मघाचा भागाकार-गुणाकार म्हणजे भविष्यवाणी नव्हे. लेस्टरचे २०१४-१५ मध्ये २९ सामन्यांत १९ गुण होते. आपल्या सूत्राने ते २५ वर संपायला हवे होते. त्यांनी उरलेल्या नऊपैकी सात जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि ४१ गुणांवर चौदावे आले. पुढच्या वर्षी तर विजेतेच झाले, पण ते उदाहरण प्रत्येक बुडत्या संघाच्या चाहत्याने तोंडावर फेकू नये ही विनंती.

टेबल बघताना गुणकपात झालीय का तेही बघा. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे दोन टप्प्यांत मिळून आठ गुण गेले आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार. दोघेही वाचले, फॉरेस्ट ३२ गुणांवर.

खाली गेलंच तर क्लब लगेच दिवाळखोर होत नाही. प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला प्रक्षेपणाच्या पैशातला जो समान वाटा मिळतो, त्याचा काही हिस्सा पॅराशूट पेमेंट म्हणून मिळत राहतो : पहिल्या वर्षी ५५ टक्के, मग ४५, मग २०. एकच हंगाम वर राहून परत गेलेल्या क्लबला तिसरं वर्ष मिळत नाही. खेळाडूंच्या करारात खाली गेल्यास पगारकपातीचं कलम आहे का, यावर पुढचा उन्हाळा ठरतो. कलम नसेल तर चांगले खेळाडू पडेल भावाने विकावे लागतात.

आणि शेवटच्या रविवारी सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात. आपल्या सामन्याबरोबर बाकी दोन मैदानांचे स्कोअर समोर ठेवा आणि सामना सुरू होण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा : आपण जिंकलो तर, बरोबरी झाली तर, हरलो तर, आणि प्रत्येक ओळीपुढे दुसऱ्यांचे कोणते निकाल चालतील ते. गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे, असं झालं तर दोन संघांतल्या आपसातल्या सामन्यांचे गुण बघतात, मग त्या सामन्यांत दुसऱ्याच्या मैदानावर केलेले गोल. तेही जुळले तर त्रयस्थ मैदानावर प्लेऑफ, म्हणजे एक निर्णायक सामना.

नमस्कार.