थॅलेट: डांबरगोळीतून निघालेलं नाव

[दृश्य: उघडलेली कंपासपेटी. पारदर्शक पट्टीला चिकटलेलं पांढरं खोडरबर.]

मे महिन्याची सुट्टी संपते, दप्तर माळ्यावरून खाली येतं आणि कंपासपेटी उघडली की हे असं दिसतं. खोडरबर पट्टीला घट्ट चिकटून बसलेलं. ओढून काढलं, तर पट्टीवर त्याचा खोलगट ठसा राहतो. मुलांना वाटतं, उन्हाने वितळलं. पण ऊन नुसतं निमित्त. अशी पांढरी खोडरबरं बऱ्याचदा रबराची नसतातच, पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यांत एक तेलकट द्रव मिसळलेला असतो. तो द्रव खोडरबरातून निघाला, पट्टीत शिरला आणि पट्टीलाही मऊ करून बसला.

अशा द्रवांना कारखान्यात प्लॅस्टिसायझर म्हणतात. त्यांतलं सगळ्यात मोठं घराणं आहे थॅलेटांचं. व्यापाऱ्यांच्या तोंडी त्यातल्या मुख्य द्रवाचं नाव ‘डीओपी’, तर शास्त्रज्ञांच्या कागदावर तोच ‘डीईएचपी’.

[दृश्य: नळाचा करडा पाइप, शेजारी सलाइनची नळी.]

हा पाइप पीव्हीसीचा. ही नळीही पीव्हीसीचीच. पाइप वाकवायला गेलात तर मोडेल, नळी बोटाला गुंडाळता येते. फरक त्या द्रवाचा. मऊ नळीच्या वजनात 30 ते 40 टक्के वाटा त्याचा असू शकतो. पीव्हीसीच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये त्याचे रेणू जाऊन बसतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. पण साखळीशी त्यांचा रासायनिक बंध नसतो. म्हणून ते बाहेरही पडू शकतात. पुढच्या साऱ्या वादाचं मूळ एवढंच आहे.

आता हे नाव कुठून आलं? त्यासाठी कपाटातल्या कपड्यांमध्ये हात घालावा लागेल.

[दृश्य: ट्रंकेत ठेवलेली जुनी शाल, घडीत पांढऱ्या गोळ्या.]

डांबरगोळी. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की डांबर मिळतं आणि त्या डांबरातून हा पांढरा, उग्र वासाचा पदार्थ. 1821 मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन किड यांनी त्याचं नाव ठेवलं नॅफ्थॅलीन. नाव बेतलं होतं ‘नाफ्ता’वरून. जमिनीतून पाझरणाऱ्या ज्वालाग्राही तेलाला पश्चिम आशियात प्राचीन काळापासून याच शब्दाने ओळखत आले आहेत.

1836 मध्ये फ्रान्सच्या ओग्युस्त लोराँ यांनी नॅफ्थॅलीनवर आधी क्लोरीनची क्रिया केली, मग त्याचं ऑक्सिडीकरण केलं. हाती एक नवं आम्ल आलं. नॅफ्थॅलीनपासून झालेलं, म्हणून त्यांनी त्याला नॅफ्थॅलिक आम्ल म्हटलं. पुढे स्वित्झर्लंडचे मारिन्याक यांनी त्या आम्लाचं खरं सूत्र काढलं आणि लोराँ यांचा हिशेब चुकल्याचं दिसलं. नॅफ्थॅलीनचा सांगाडा त्यात पुरता उरलेलाच नव्हता. मग लोराँ यांनी नावाला कात्री लावली. पुढचा ‘नॅ’ उडाला, राहिलं फ्थॅलिक. उच्चारताना ‘फ’ गिळायचा: थॅलिक. त्या आम्लाचे क्षार आणि एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारे पदार्थ) म्हणजे थॅलेट. रसायनशास्त्रात भारदस्त ग्रीक-लॅटिन नावांची रेलचेल आहे, त्यात हे एक डोकं उडवलेलं नाव दोनशे वर्षं होत आली तरी खुशाल चालू आहे.

लोराँ 1853 मध्ये क्षयाने गेले, पंचेचाळिशीत. मऊ प्लॅस्टिकचा जन्म व्हायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता. या आम्लाने आधी रंगांच्या दुनियेत धुमाकूळ घातला.

[दृश्य: शाळेची प्रयोगशाळा. ब्युरेटमधून थेंब पडतो, खालचा चंबू गुलाबी होतो.]

हा गुलाबी रंग ओळखीचा आहे. फिनॉल्फ्थॅलीन. नावाच्या मध्यावर नीट कान दिलात तर ‘फ्थॅल’ ऐकू येईल. 1871 मध्ये जर्मनीच्या अडोल्फ फॉन बायर यांनी थॅलिक अनहायड्राइड (म्हणजे पाणी काढून टाकलेलं थॅलिक आम्ल) आणि फिनॉल यांपासून ते बनवलं. एक थेंब जास्त पडला की गुलाबी गडद होतो आणि सर म्हणतात, परत कर.

या आम्लाचा दुसरा रंग मात्र आपल्या देशाला फार महाग पडला. जर्मनीतली बीएएसएफ कंपनी कृत्रिम नीळ बनवायच्या मागे वर्षानुवर्षं लागली होती. रस्ता सापडला तो डांबरातून: नॅफ्थॅलीनपासून थॅलिक अनहायड्राइड, त्यातून पुढे पायरीपायरीने नीळ. पहिलीच पायरी अडून बसली होती. सांगतात की 1896 च्या सुमारास प्रयोग चालू असताना थर्मामीटर फुटला, पारा भांड्यात सांडला आणि क्रिया एकदम वेगाने व्हायला लागली. उत्प्रेरक सापडला. 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बंगाल-बिहारच्या निळीचा भाव कोसळला.

[दृश्य: चंपारणमधली पडकी निळीची कोठी.]

चंपारणमध्ये गोऱ्या मळेवाल्यांनी ‘तीनकठिया’ची सक्ती लादलेली होती: जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांतल्या (कठ्ठा हे तिथलं माप) तीनांत नीळ लावायचीच. नीळ परवडेनाशी झाल्यावर त्यांनी कुळांना या सक्तीतून सोडवलं खरं, पण सोडवण्याची किंमत म्हणून खंड वाढवला. ही ‘शरहबेशी’. जर्मन प्रयोगशाळेमुळे झालेला मळेवाल्यांचा तोटा असा बिहारच्या शेतकऱ्याच्या माथी आला. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला पोचले, तेव्हा गावोगावच्या जबान्यांत ही तक्रार होती. इतिहासाच्या पुस्तकात चंपारण असतं, रसायनशास्त्राच्या पुस्तकात थॅलिक अनहायड्राइड असतं. दोघांची गाठ मात्र कोणी घालून देत नाही.

[दृश्य: तळोजा एमआयडीसी, लांबून दिसणारे कारखान्याचे मनोरे.]

पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हॅनेडियम उत्प्रेरकाची रीत निघाली, जुन्या रीतीत लागणाऱ्या पारा आणि सल्फ्युरिक आम्लाची गरज संपली, माल स्वस्त झाला. आज जगात बरंचसं थॅलिक अनहायड्राइड डांबराऐवजी ऑर्थोझायलीनपासून बनतं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात तळोज्याला त्याचा मोठा कारखाना आहे. ऑर्थोझायलीन मिळतं खनिज तेल शुद्ध करताना निघणाऱ्या नाफ्त्यावर प्रक्रिया करून. ज्या शब्दापासून नाव निघालं, तोच आता कच्चा माल झाला आहे.

प्लॅस्टिकशी गाठ पडली ती अमेरिकेत. 1926 मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी, गुडरिच या टायर कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होते. पीव्हीसी तेव्हा कोणालाच नको असलेला, ठिसूळ पदार्थ होता. सेमन यांनी तो उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवला. चिकटला काही नाही. थंड झाल्यावर रबरासारखा लवचीक गोळा मात्र मिळाला. पुढच्या काही वर्षांत या कामाला थॅलेट सगळ्यात सोयीचे ठरले. स्वस्त, रंगहीन, सहज न उडणारे. रेक्झिन, रेनकोट, वायरवरचं आवरण, बाळाची खेळणी, सगळीकडे तेच.

[दृश्य: रक्तपेढीतलं शीतकपाट, ओळीने रक्ताच्या पिशव्या.]

सगळीकडे म्हणजे इथेसुद्धा. काचेच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. 1970 मध्ये अमेरिकेतल्या जेगर आणि रुबिन या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिशवीतला थॅलेट साठवलेल्या रक्तात उतरतो. आता गंमत पाहा. तोच उतरलेला थॅलेट तांबड्या पेशींच्या आवरणाला आधार देतो, पेशी फुटायचं प्रमाण कमी होतं आणि रक्त जास्त दिवस टिकतं. पोषक द्रावण घातलेल्या तांबड्या पेशी 42 दिवसांपर्यंत ठेवता येतात, त्यात या नको असलेल्या पाहुण्याचाही हात आहे. त्यामुळे त्याला काढून टाका म्हणणं सोपं, त्याच्या जागी काय, हे ठरवणं कठीण. रक्ताच्या पिशवीबाबतीत सरसकट घाबरवणाऱ्या संदेशांवर माझा विश्वास नाही.

खेळण्यांची गोष्ट वेगळी. तिथे थॅलेटचा मुलाला काडीचा फायदा नाही आणि बाळ ते खेळणं दिवसभर चोखतं. डीईएचपी आणि त्याच्या काही भावंडांमुळे नर उंदरांच्या पिल्लांच्या प्रजननसंस्थेत बिघाड होतो, हे वारंवार दिसलं आहे. शरीर हे थॅलेट एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतं, पण रोज नवे येतच राहतात. युरोपने 1999 मध्ये तोंडात घालायच्या खेळण्यांवर तातडीची बंदी आणली आणि 2005 मध्ये डीईएचपीसह तीन थॅलेटांना सगळ्याच खेळण्यांत 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि त्यामागच्या मानकांत थॅलेटची चाचणी आहे. जत्रेतल्या, पाटीवरच्या बिनचिन्हाच्या बाहुलीबद्दल मात्र कोणीच हमी देत नाही.

[दृश्य: पाण्याच्या बाटलीचा तळ, त्रिकोणात 1 हा आकडा.]

शेवटी ही बाटली, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पेट म्हणजे पॉलिएथिलीन टेरेथॅलेट. नावात थॅलेट आहे, म्हणून बाटलीतून थॅलेट झिरपतो असे संदेश फिरतात. या ‘टेरे’चा उगम टर्पेंटाइनमध्ये, 1846 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ कायो यांना हे आम्ल त्यातून मिळालं. थॅलिक आम्लात षटकोनी कड्यावरचे दोन आम्लगट शेजारी-शेजारी असतात, टेरेथॅलिकमध्ये समोरासमोर. आणि पेटमध्ये ते साखळीतच गुंफलेले असतात, खोडरबरातल्या द्रवासारखे मोकळे नसतात. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी याच साखळीचा धागा काढला. तो टेरिलीन. आपल्याकडच्या टेरीकॉटच्या शर्टातला ‘टेरी’ तिथलाच.

आता बाजारात पीव्हीसी मऊ करायला डीओटीपी नावाचा नवा द्रव आला आहे. त्याच्या पिंपावर ठळक लिहिलेलं असतं: ‘थॅलेटमुक्त’. डीओटीपीचं पूर्ण नाव डायऑक्टिल टेरेथॅलेट.