रडीचा डाव आणि विनू मांकड

मित्रहो, गल्लीतल्या खेळात स्टंप उडाल्यावरही जो बॅट सोडत नसे, त्याला आपण सगळे ‘रड्या’ म्हणत असू, आणि त्याबद्दल कोणाचे दुमत नसे. व्यावसायिक खेळात मात्र, जिथे एकेका सामन्यावर करार, मानधन आणि देशाची प्रतिष्ठा टांगलेली असते, तिथे रडीचा डाव कशाला म्हणायचे आणि चतुराई कशाला, याचा निवाडा इतका सरळ राहत नाही. माझ्या मते क्रिकेटने हा निवाडा एका माणसाच्या बाबतीत साफ चुकीचा केला, आणि तो माणूस म्हणजे भारताचे क्रिकेटपटू विनू मांकड.

१३ डिसेंबर १९४७ रोजी, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सिडनीच्या कसोटीत, मांकड गोलंदाजीसाठी धावत येत असताना ऑस्ट्रेलियाचा बिल ब्राउन नॉन-स्ट्रायकरच्या, म्हणजे गोलंदाजाकडच्या, टोकाला क्रीझ (फलंदाजाची सुरक्षित रेषा) सोडून पुढे निघाला होता. मांकडांनी चेंडू टाकला नाही, स्टंपवरच्या बेल्स उडवून त्याला धावचीत केले. याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात, याच मैदानावर, त्यांनी ब्राउनला प्रथम ताकीद दिली होती आणि तरीही तो पुढे सरकला तेव्हा त्याला असेच बाद केले होते. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मांकडांचीच बाजू घेतली. इतके असूनही असे बाद करण्याला ‘मांकडिंग’ हा शब्द जगभर रूढ झाला, आणि एका थोर अष्टपैलू खेळाडूचे नाव अखिलाडूपणाशी जोडले गेले. धावचीतचा निर्णय अनेकदा बोटभर अंतराने ठरतो. अशा खेळात चेंडू पडण्याआधीच पाऊलभर वाट कापणारा फलंदाज निर्दोष, आणि त्याची ती सवलत नियमाने नाकारणारा गोलंदाज दोषी, हा कोणता न्याय? बाद ब्राउन झाला, मग नाव मांकडांचे का, असा सवाल सुनील गावसकर यांनी पुनःपुन्हा केला आहे, आणि तो रास्त आहे.

आता याच्या शेजारी मार्च २०१८ मधील केपटाउन ठेवून पाहा. ऑस्ट्रेलियाचा कॅमेरून बॅनक्रॉफ्ट चेंडूची एक बाजू घासताना कॅमेऱ्यात दिसला. आपण टिपले गेलो हे कळताच त्याने हातातली पिवळी वस्तू पँटमध्ये खुपसली, आणि पंचांनी विचारले तेव्हा खिशातून चष्मा पुसायचे काळे फडके काढून दाखवले. ती वस्तू सँडपेपर होती. चेंडूची एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत राहिली की तो हवेत अधिक वळतो, म्हणून हा खटाटोप. कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांच्यावर १२ महिन्यांची, बॅनक्रॉफ्टवर ९ महिन्यांची बंदी आली. माझ्या लेखी फसवणुकीची खूण त्या फडक्यात आहे: जे करतो आहोत ते पंचांपासून लपवावे लागते, इथेच ती सिद्ध होते. मांकडांनी जे केले ते पंचांसमोर, हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत केले.

या निकषाला एक अवघड अपवाद आहे, आणि तो मी टाळणार नाही. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला अखेरच्या चेंडूवर बरोबरीसाठी ६ धावा हव्या असताना ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांनी धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितले. लपवालपवी नव्हती, तेव्हाच्या नियमांत ते बसतही होते. तरी ते मला अक्षम्य वाटते, कारण मांकडांपुढे ब्राउनला क्रीझमध्ये थांबून सहज वाचता आले असते, तर न्यूझीलंडचा फलंदाज ब्रायन मॅकेक्नी याला लढायला जागाच ठेवली गेली नाही. त्याने तो चेंडू अडवला आणि संतापाने बॅट फेकून दिली.

आणि याच्या नेमके उलट टोक आपल्या वानखेडेवर पाहायला मिळाले. फेब्रुवारी १९८० मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडची अवस्था बिकट असताना बॉब टेलरला पंचांनी यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, अशी खात्री पटल्यावर कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी पंचांना विनंती करून त्याला परत बोलावले. टेलरने इयान बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने १० गडी राखून सामना जिंकला. कोणत्याही नियमाने विश्वनाथांना हे करायला भाग पाडले नव्हते. म्हणूनच अशी उदारता आपण मनापासून वाखाणावी, पण ती न दाखवणाऱ्याला लबाड ठरवू नये. मांकडांवर अन्याय झाला तो हा भेद विसरल्यामुळे.

२४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्माने पुढे सरकलेल्या इंग्लंडच्या चार्ली डीनला असेच बाद केले, भारत १६ धावांनी जिंकला आणि पुन्हा तोच गदारोळ उठला. त्यानंतर आठवडाभरात, १ ऑक्टोबरपासून, बाद करण्याचा हा प्रकार नियमपुस्तकातील ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावचीत’मध्ये नेण्यात आला. हा बदल पाहायला विनू मांकड नव्हते. १९७८ मध्येच मुंबईत त्यांचे निधन झाले होते.