मातीखाली निजवलेले अंजीर

श्रोतेहो, नमस्कार. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात सात क्रमांकाची लोकल रस्त्यावरच्या लोखंडी पुलावरून धावते. तिच्या खालून जॅक्सन हाइट्सपासून कोरोना नावाच्या वस्तीपर्यंत चालत गेले, की १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर भारतातून, बांगलादेशातून आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची परसबाग कुंपणाच्या जाळीतून दिसू लागते. कुठे कारल्याचा मांडव, कुठे मक्याची चार ताटे, आणि जुन्या इटालियन घरांच्या अंगणात अंजीर.

या कोरोना वस्तीत मी भाड्याने राहत असताना, नोव्हेंबरातल्या एका सकाळी शेजारचे वृद्ध इटालियन गृहस्थ पुरुषभर लांबीचा चर खणताना दिसले, म्हणून मी मदतीला गेलो. त्यांनी अंजिराच्या फांद्या सुतळीने आवळल्या, एका बाजूची मुळे कुदळीने तोडली, आणि आम्ही दोघांनी ते झाड हळूहळू चरात आडवे केले. वर फळ्या, मग वाळकी पाने, मग माती. कडाक्याच्या गोठणाऱ्या थंडीत अंजिराच्या फांद्या जळतात, पण मातीखाली तेवढा गारठा पोहोचत नाही. झाड निजवायचे ते पाने गळल्यावरच, हे त्यांनी मला तीनदा बजावले. मीही आपल्याला पुन्हा सांगतो : पाने गळल्यावरच, आधी नव्हे. एप्रिलमध्ये माती उकरून ते झाड आम्ही उभे केले, तेव्हा त्यांनी फांदीची साल अंगठ्याच्या नखाने किंचित खरवडून आतला ओला हिरवा रंग मला दाखवला.

माझ्याकडे बादलीत लावलेला कढीपत्ता होता. तो हिवाळ्यात घरातच ठेवावा लागतो. वाळक्या कढीपत्त्याच्या फोडणीला मी फोडणी मानत नाही, त्यामुळे त्या रोपावर माझा फार जीव होता. शिवाय संत्री-लिंबांवरची सिट्रस सायला ही कीड कढीपत्त्यावरही वाढते. १९९८ साली ती फ्लोरिडात आढळली, आणि कीड असलेल्या भागांतून रोपे बाहेर नेण्यावर बंधने आली. गेलेले रोप सहज परत मिळत नाही.

त्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने त्याची सगळी पाने झडली होती. मेलेच समजून मी बादली रिकामी करायला बाहेर आणली. शेजारच्या त्या इटालियन आजोबांनी मला थांबवले, वाकून खोडाची साल नखाने खरवडली आणि काही न बोलता बादली उन्हात सरकवली. मे महिन्यात रोपाला पालवी फुटली. त्यातली पहिली डहाळी मी त्यांना नेऊन दिली, आणि त्यांनी मला अंजिराची वीतभर काडी कापून दिली.